उजनीवर गळ टाकायचा, पण पावती कोण फाडणार?

महोदय,

आपल्या दैनिकात धरणांच्या पाणीसाठ्याचे आकडे येतात. मुंबईकर त्यात भातसा, तानसा, मोडक सागर बघतो आणि पान उलटतो. मी मात्र माघ लागला की सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणाचा आकडा शोधतो. शिवरात्र आणि होळी यांच्या मधल्या एखाद्या शनिवार-रविवारी आम्ही विक्रोळीतली काही मंडळी तिथे गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जातो. यंदाही बेत ठरतोय, आणि नेहमीप्रमाणे एकाच प्रश्नावर अडलाय : परवानगी कोणाकडून घ्यायची आणि पैसे कोणाकडे भरायचे?

इतक्या लांब कशाला, असे कोणी विचारील. विहार, तुळशी, तानसा ही शहराच्या पिण्याच्या पाण्याची तळी. तिथे आम्हाला मज्जाव आहे आणि तो असायलाच हवा. उरतो पवई. १८९१ सालचा हा तलाव, अँगलिंग असोसिएशनमुळे गळाच्या मासेमारीसाठी ओळखला जातो. माझी मुलगी गळाला गाठ मारायला तिथेच शिकली. पण सांडपाणी आणि जलपर्णीने तिथे जे चालवले आहे, ते आपण वेळोवेळी छापलेच आहे. मोकळे, मोठे पाणी हवे तर घाट चढावाच लागतो.

उजनीचा आकडा वाचण्यात एक गोम आहे, ती नव्याने जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. एकूण क्षमता ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातला निम्म्याहून जास्त, म्हणजे साधारण साडेत्रेसष्ट टीएमसी, मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेले तळाचे पाणी. टक्केवारी निघते ती वरच्या साडेत्रेपन्न टीएमसीची. म्हणून ‘उजनी शून्यावर’ अशी बातमी आली तरी खाली भरपूर पाणी असते, आणि तिथून पुढे आकडा वजा होत जातो. २०२४च्या उन्हाळ्यात तो वजा पन्नासच्याही खाली उतरला होता. मासा तेव्हाही होताच, फक्त फुगवटा, म्हणजे धरणामागे पसरलेले पाणी, आटून काठ पार आत गेला होता.

आम्हाला टक्क्यांहून महत्त्वाचे असते ते पाणी किती वेगाने उतरतेय हे. कालव्याला आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, सुटले की काठ रोज मागे सरतो. पोहोचल्या दिवशी संध्याकाळी मी पाण्याच्या कडेला एक काटकी रोवून ठेवतो. सकाळी काटकीपासून पाणी दोन-चार बोटे मागे गेले असेल तर कडेचा उथळ भाग सोडायचा आणि जिथे जुना ओढा पाण्याखाली गेलाय ती खोलगट जागा धरायची, कारण पाणी उतरू लागले की मोठा कटला कडेला थांबत नाही. काटकी जागच्या जागी असेल तर उथळ खाडीतच, म्हणजे जलाशयाचे पाणी काठात आत शिरलेल्या जागीच, बसावे. उघड्या पडलेल्या गाळापासून मात्र जपावे. वरून पापुद्रा सुकलेला दिसतो, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. गावकरी जिथे गाळपेर करतात, म्हणजे उघड्या गाळात पीक घेतात, तिथली पायवाट विचारून घ्यावी आणि कोणाच्या पिकातून जाऊ नये.

शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते असे आपल्याकडे म्हणतात, पण इंदापूर-करमाळ्याच्या उघड्या माळावर पहाटेचा गारठा त्यानंतरही काही दिवस टिकतो. या दिवसांत पहाटे चारपासून गळ टाकून कुडकुडत बसण्यात अर्थ नाही. अकराच्या सुमारास ऊन पाण्यात मुरले की उथळ, काळ्या मातीच्या खाडीत आधी ऊब येते आणि रोहू, मृगल तिकडे सरकतात. होळी जवळ आली की हे उलटते : सकाळ-संध्याकाळ मासा चरतो, भर दुपारी खोल पाण्यात जातो. दुपारनंतर वारा उठतो. लाटा ज्या काठावर आपटतात तिथे चारा साचतो, म्हणून बसायला त्रास झाला तरी तोच काठ धरावा.

आमिषाचे म्हणाल तर कणीक, भाजून कुटलेली शेंगदाण्याची पेंड आणि किंचित गूळ. हे मळताना त्यात कापसाच्या बारीक तंतूंची चिमूट घालायची. त्याने गोळा गळाला धरून राहतो, चिलापी (तिलापिया) माशाच्या टोचण्यांनी लगेच सुटत नाही. पीठ अंगठ्याने दाबले की ठसा राहिला पाहिजे आणि बोटाला चिकटता कामा नये. चिलापी इथली मूळची नव्हे, पण आता तिचेच राज्य आहे. ती हवी तेवढी न्यावी. कटला-रोहूची मोठी मादी मात्र सोडून द्यावी असा आमचा नियम आहे, कारण पावसाळ्यात नवे पाणी आले की तीच अंडी घालणार. काठावरून गळ टाकणारा माणूस दिवसभरात नेऊन नेणार किती? पाण्यात सुरुंग उडवणारा किंवा विष कालवणारा एका तासात खाडी मोकळी करतो, आणि हा गुन्हा १८९७च्या कायद्यापासून गुन्हाच आहे.

होडीत बसायचे असेल तर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय पाय टाकू नये. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. ते काही मौजेला निघालेले नव्हते, रोजच्या वाटेने पैलतीराला चालले होते. उजनीचे पाणी सकाळी कितीही निवांत दिसले तरी मी मुलीला जॅकेटशिवाय बसू देत नाही, आणि होडीवाल्याकडे जॅकेट नसेल तर आम्ही काठावरच बसतो.

आता मूळ मुद्दा. पाणी जलसंपदा विभागाचे, मासा मत्स्यव्यवसाय विभागाच्या अखत्यारीत, काही ठिकाणी काठ वन विभागाचा, आणि राज्यातल्या कितीतरी जलाशयांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे. हौशी माणसाने यातल्या कोणाचे दार ठोठवायचे? मी फोन केले तेव्हा एका कार्यालयाने दुसरीकडे पाठवले, दुसऱ्याने ‘प्रत्यक्ष जागेवर विचारा’ असे सांगितले. घाटावरच्याच दुसऱ्या एका धरणावर आम्ही जागेवर विचारूनही पाहिले. एकजण येऊन पैसे घेऊन गेला, पावती मागितली तर ‘पावती नसते’ म्हणाला. तासाभराने दुसरा आला आणि इथे गळ टाकायला बंदी आहे म्हणत सामान आवरायला लावले. दोघांपैकी कोणाला अधिकार होता, होता की नव्हता, हे मला आजतागायत कळलेले नाही. मुलीसमोर चोरासारखे उठून यावे लागले, ते मला फार लागले.

आम्हाला फुकट काही नको. उलट पैसे द्यायचे आहेत, फक्त ते योग्य हातात पडावेत. भिगवणजवळ कुंभारगाव आणि डिकसळला थंडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला माणसे येतात. त्यांना पाण्यात फिरवतात ते गावातलेच मच्छीमार. ठरलेले पैसे, ओळखीचा नावाडी, आणि पक्ष्यांच्या किती जवळ जायचे हे त्यालाच नेमके ठाऊक. पाहुणा खूश आणि चार पैसे गावात राहतात. या धरणात ज्यांची गावे गेली त्यांच्यातल्या कित्येकांनी पुढे जाळे हाती घेतले. त्यांच्या पाण्यावर मुंबईचा माणूस येऊन दोन दिवस रमणार असेल, तर त्याचा मोबदला त्यांनाच मिळायला हवा.

म्हणून मत्स्यव्यवसाय विभागाला माझी विनंती आहे : गळाने मासे धरणाऱ्यांसाठी एका दिवसाचा परवाना काढा. तो ठेका असलेल्या मच्छीमार संस्थेच्या माणसाने काठावरच द्यावा, छापील पावतीसह, आणि रक्कम संस्थेच्या खात्यात जावी. होड्या लागतात त्या प्रत्येक जागी एक फलक लावा : ठेका कोणाचा, दर किती, कुठे बसायचे नाही, कोणता मासा सोडायचा आणि अडचण आली तर फोन कोणाला करायचा. भिंतीजवळचा आणि पक्ष्यांचा भाग आमच्यासाठी बंदच राहू द्या. परवाना दाखवणाऱ्याला मग कोणी उठवणार नाही, आणि परवाना नसलेल्याला उठवायचा हक्क संस्थेलाही राहील.

आपल्या दैनिकाचे वाचक इंदापूर, करमाळा, दौंडकडेही आहेत. त्यांच्यातल्या मच्छीमार बांधवांना ही सूचना परवडणारी वाटते का, दर काय असावा, हौशी माणसांचा त्यांच्या जाळ्यांना कुठे त्रास होतो, हे त्यांनी या सदरातून लिहावे. आमची गाडी होळीच्या आधीच्या शुक्रवारी रात्री निघते. त्यापूर्वी उत्तर छापून आले तर जाताना ते कात्रण बरोबर नेऊ.

– एक गरवणारा,
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई