पंचविशीतल्या पेशंटशी कोण बोलणार?

संपादक साहेब,
कॅन्सर पुढच्या स्टेजला गेलेल्या पंचविशी-तिशीतल्या मुलामुलींना पॅलिएटिव्ह केअर (म्हणजे आजाराचा त्रास कमी करणारी काळजी) सुचवली की आता सगळं संपलं असं वाटून घरचे हादरतात, पण ही केअर कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असतानाच सुरू करता येते हो, दुखणं, उलट्या, झोप या सगळ्यासाठी. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटना सांभाळणारं वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, परळला टाटा हॉस्पिटलमध्ये या केअरचा वेगळा विभाग आहे, २०१४ ला कायदा बदलून मॉर्फिन या जोरदार पेनकिलरचे नियम सोपे केले, तरी व्यसन लागेल म्हणून लोक घाबरतात आणि पोरं कळा सोसत राहतात. या वयाचे प्रश्नच वेगळे, नोकरी, लोन, ठरलेलं लग्न, कोणाचं तान्हं बाळ, आणि डॉक्टर बोलतात ते आईवडिलांना बाहेर बोलावून (मला हे फार चुकीचं वाटतं). मोठ्या हॉस्पिटलांनी यांच्यासाठी वेगळा काउन्सेलर द्यायलाच हवा.

- एक वाचक, लालबाग