एम.टेक.च्या पदवीला शोधनिबंधाची अट कशासाठी?

माननीय उच्च व तंत्र शिक्षण मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला, स्ट्रक्चरल इंजिनीअरिंगचा एम.टेक.चा विद्यार्थी. चारही सत्रांचे विषय सुटले, प्रबंधावर गाईडची सही झाली, मजकूर कुठून उचललेला नाही ना, हे पाहणाऱ्या साम्य तपासणीचा अहवाल दहा टक्क्यांच्या आत आला. तरीही माझी तोंडी परीक्षा लागलेली नाही, कारण शोधनिबंध छापून आल्याचा पुरावा जोडल्याशिवाय आमच्याकडे बहिःस्थ परीक्षकाला बोलावतच नाहीत.

माझा विषय जांभ्याच्या चिऱ्यांचा, म्हणजे कोकणात घरे बांधायच्या लाल दगडाच्या ठोकळ्यांचा. खाणीतून निघताना चिरा मऊ असतो आणि उन्हावाऱ्यात कठीण होतो, हे आपल्याकडच्या गवंड्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण तोच चिरा पाणी प्याल्यावर किती दाब सोसतो, हे प्रत्येक खाणीचे वेगळे मोजावे लागते. मी चिरे चोवीस तास भिजवून दाबयंत्रात घातले. ओला चिरा फुटताना फारसा आवाज करत नाही. कोपऱ्यातून लालसर चुरा सुटू लागतो आणि काटा मागे फिरतो. हे आकडे राजापूर-लांज्याकडे घर बांधणाऱ्याच्या कामाचे आहेत, दूरदेशीच्या संपादकाला त्यांचे अप्रूप असेलच असे नाही.

चांगल्या नियतकालिकात परीक्षण होऊन निबंध यायला वर्षही जाते. मग मुले पैसे भरून आठवड्याभरात छापून देणाऱ्यांच्या दारी जातात, आणि अट ‘पूर्ण’ होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठीसुद्धा निबंधाची सक्ती काढून टाकली, २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची आपली ‘केअर’ यादीही बंद केली. पीएच.डी.ला जे बंधन आयोगाने ठेवले नाही, ते एम.टेक.ला का?

अट मुळात चांगल्या हेतूने आली असावी, उचललेले प्रबंध अडावेत म्हणून. पण त्यासाठी २०१८ पासून वाङ्मयचौर्याचे नियम आहेत. अखिल भारतीय तंत्र शिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात ६८ पैकी २६ क्रेडिट प्रबंधाच्या दोन टप्प्यांचे आहेत; त्याची पारख समोर बसून प्रश्न विचारणाऱ्या परीक्षकानेच करायची. शिवाय ‘गेट’ या प्रवेश परीक्षेतून आलेल्यांची दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती २४ महिन्यांनी थांबते, खोलीचे भाडे मात्र थांबत नाही.

हे नियम विद्यापीठांच्या विद्या परिषदा करतात, याची मला कल्पना आहे. आपल्या विभागाने त्यांना एवढेच सुचवावे, की निबंध ऐच्छिक ठेवावा आणि प्रबंध सादर झाल्यापासून साठ दिवसांत तोंडी परीक्षा घ्यावी. माझ्या प्रबंधाच्या चार बांधीव प्रती विभागाच्या कपाटात मार्चपासून पडून आहेत.

कळावे,
आपला नम्र,
एक एम.टेक. विद्यार्थी, रत्नागिरी