एका सहीबद्दल जाहीर आभार

काका,

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून चारचौघांत लिहितोय. नाव घालू नको म्हणालात, तेही पाळतोय.

शेडमध्ये आम्ही स्वतः बांधतोय ते विमान लो-विंग, म्हणजे पंख खालच्या बाजूला. टाक्या पंखांत, खाली, इंजिन वर. पेट्रोल पंपानंच ओढावं लागतं. पैसे मोजून नेमलेल्या सल्लागारानं दोन्ही टाक्यांच्या नळ्या टी (तीन तोंडांचा जोड) लावून एकत्र करायला आणि तशाच पंपाला जोडायला सांगितल्या. मला ते खटकत होतं. विचारलं की उत्तर ठरलेलं: "सगळे असंच करतात." एक टाकी आधी संपणारच. दोन ग्लासांत दोन नळ्या घालून एकदम ओढलं तर रिकाम्या ग्लासातली हवाच तोंडात येते, तसंच हे. दुसऱ्या टाकीत पेट्रोल असूनही इंजिन बंद, तेही हवेत!

हवाई दलात उभी नोकरी काढलेले तुम्ही, भर मे महिन्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये आलात. टी काढायला लावलीत, डावी-उजवी टाकी निवडायचा कॉक आला. सोलापूरच्या उन्हात नळीत पेट्रोलची वाफ धरते, म्हणून पंप खाली, टाक्यांजवळ घेतलात. मग मला पट्टा बांधून सीटवर बसवलंत. "डोळे मिट. आता कॉक फिरव." गायक जॉन डेन्व्हर १९९७ मध्ये ज्या घरगुती बांधणीच्या लाँग-ईझी विमानाच्या अपघातात गेले, त्या विमानात हा कॉक डाव्या खांद्यामागे, सहज हात न पोचेल असा होता, हे तुमच्याकडूनच कळलं.

डाव्या टाकीची चाचणी विमानाचं नाक वर उचलून, टाकीत तळापुरतं पेट्रोल ठेवून झाली. आमचं इंजिन, रोटॅक्स ९१२ यूएलएस, टेक-ऑफला तासाला २७ लिटर पितं. पंपानं सव्वापट, म्हणजे ३४ च्या आसपास द्यायला हवं. दिलं.

त्यानंतर तुम्ही वही मागितलीत. तारीख, वेळ, आकडा स्वतः लिहिलात आणि खाली पूर्ण नाव घालून सही केलीत. कुणी मागितली नव्हती. "उद्या काही विचारायचं झालं तर कुणाला विचारशील?" एवढंच म्हणालात. बोटं पेट्रोलनं ओली होती, सहीच्या शेवटच्या अक्षराची शाई फुटलीय. ते पान मी किती वेळ बघत बसलो होतो! सल्लागाराची सही बिलावर होती, ड्रॉइंगवर नव्हती.

आपल्या गावात अशी माणसं अजून आहेत. लूम दुरुस्त करणारा जॉबर असो की रेडिएटरवाला, अडलेलं काम घेऊन गेलं की हातातलं बाजूला ठेवून आधी नीट बघतात. पैशाचं नंतर बोलतात, कधी बोलतही नाहीत. त्यांच्या जिवावर माझ्यासारखे लोक एवढी मोठी उडी घेतात.

उजव्या टाकीची चाचणी राहिलीय. व्हेंटच्या, म्हणजे टाकीत हवा घेणाऱ्या नळीच्या तोंडाला तुम्ही सांगितलेली बारीक जाळी लावलीय; शेडमध्ये कुंभारीण माश्या फार, नळीत मातीचं घर केलं की टाकीत हवा शिरत नाही. रविवारी ऊन चढायच्या आत गाडी पाठवतो. आई कडक भाकरी आणि शेंगाचटणी देणार आहे. नको म्हणू नका.

तुमचा,
शेडवाला