जादा टाकी : गरज किती, हौस किती?

महोदय,

मनाली-लेह मार्गावर तांदीचा पंप सोडला की पुढचा ३६५ किलोमीटरवर, ही तिथली प्रसिद्ध पाटी. तिच्याच धास्तीने लडाखला निघालेली आपल्याकडची हौशी मंडळी गॅरेजमध्ये जीपला डिझेलची जादा टाकी बसवून घेतात. वस्तुतः ५० लिटरची मूळ टाकी भरलेली असेल, तर घाटात लिटरमागे दहाच किलोमीटर पडूनही हे अंतर पार होते. उलट जादा ६० लिटर म्हणजे मागच्या ॲक्सलवर सुमारे ५० किलोंचा भार, आणि टाकीत आडवे पडदे नसतील तर वळणावर हिंदकळणारे इंधन गाडीचा तोल बिघडवते. मोटार वाहन कायद्याचे (१९८८) कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यास मनाई करते, त्यामुळे अपघातानंतर विम्याचा दावाही अडकू शकतो. दूरच्या प्रवासाची खरी निकड असलेल्यांसाठी परिवहन विभागाने प्रमाणित टाकी व तिच्या नोंदणीची सुटसुटीत पद्धत जाहीर करावी.

– एक वाचक, नाशिक