लाओसचे युद्ध आणि अध्यक्षपदी असलेला भारत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लाओसमधील लुआंग प्रबांग या नगरीवरचा प्रवासलेख वाचला. तेथील मंदिरे, भल्या सकाळी भिक्षेला निघणारे भिक्खू आणि मेकाँगचे पात्र यांचे वर्णन मनापासून आवडले. त्या देशाने सोसलेल्या युद्धाच्या वाट्याला मात्र लेखात एकच वाक्य आले असून त्यात 'अमेरिकेचे गुप्त युद्ध' एवढाच उल्लेख आहे. हा शब्दप्रयोग रूढ असला तरी अपुरा आहे, आणि आपल्या वाचकांसाठी तर फारच अपुरा आहे. कारण हे युद्ध जगापासून लपवले जात होते त्या सर्व काळात लाओसमधील शांततेवर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते.

हा आयोग १९५४ च्या जिनिव्हा परिषदेतून जन्माला आला; भारत अध्यक्ष, कॅनडा आणि पोलंड सदस्य. पुढे २३ जुलै १९६२ रोजी जिनिव्हातच चौदा देशांनी लाओसच्या तटस्थतेच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्यांत अमेरिका, सोव्हिएत संघ, चीन आणि उत्तर व्हिएतनाम होते, तसाच भारतही होता. सर्व परकीय सैन्याने ७ ऑक्टोबरपर्यंत देश सोडावा असे ठरले आणि बाहेर पडणाऱ्यांची मोजणी आयोगाच्या नाक्यांवर झाली. अमेरिकेचे ६६६ जण बाहेर पडल्याची नोंद आहे; उत्तर व्हिएतनामचे अवघे ४०. त्यांचे हजारो सैनिक मागेच राहिले होते, कारण दक्षिण व्हिएतनामकडे माणसे व शस्त्रे नेणारा हो चि मिन्ह मार्ग पूर्व लाओसच्या जंगलांतून जात होता. हनोईने, म्हणजे उत्तर व्हिएतनामच्या सरकारने, आपले सैन्य तेथे असल्याचे सतत नाकारले. अमेरिकेनेही करार पाळण्याऐवजी तो लपूनछपून मोडण्याचा मार्ग धरला आणि युद्ध सीआयए या गुप्तचर संस्थेच्या हाती सोपवले. हे सगळे गुप्त का राहिले, याचे उत्तर मला येथेच दिसते. दोन्ही पक्षांनी एकाच कागदावर सही केलेली होती, आणि त्यामुळे एकाला दुसऱ्याचे बिंग फोडायचे झाले तर स्वतःचेही उघडे पडणार होते.

लढायला माणसे लागतात, ती डोंगरातल्या हमाँग जमातीतून उभी केली गेली. जनरल वांग पाओ यांच्या नेतृत्वाखालच्या या फौजेचे मुख्य ठाणे असलेले लाँग टिएंग हे गाव हजारो लोकांनी आणि धावपट्टीवरच्या अखंड वर्दळीने गजबजलेले असूनही नकाशांवर सापडत नसे. पगार आणि शस्त्रे सीआयएची, तांदळाची पोती व काडतुसे पोहोचवणारी 'एअर अमेरिका' ही विमान कंपनी पडद्याआडून त्याच संस्थेची, आणि जोडीला थायलंडहून आलेले सैनिक. मोठी माणसे कामी येऊ लागली तशी बारा-तेरा वर्षांची मुले भरती होऊ लागली. समोरच्या बाजूला पाथेट लाओ ही लाओसमधील कम्युनिस्ट संघटना आणि उत्तर व्हिएतनामचे सैन्य होते व त्यांच्या पाठीशी सोव्हिएत संघ आणि चीन होते. राजधानीतील तटस्थ पंतप्रधान सुवन्ना फुमा आणि पाथेट लाओचे नेते सुफानुवाँग हे एकाच पित्याचे पुत्र, सावत्र भाऊ. घरातल्या तंट्यात बाहेरच्यांनी हात घातला की काय होते, याचे इतके थेट उदाहरण इतिहासात क्वचित सापडेल.

आकाशातून जे झाले त्याचे आकडे वाचताना आजही हात थांबतो. १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकी विमानांनी ५ लाख ८० हजार उड्डाणे करून वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. दर आठ मिनिटांनी एक विमान, रात्रंदिवस, नऊ वर्षे. आणि खाली वस्ती केवळ तीसएक लाखांची. १९६८ च्या नोव्हेंबरात उत्तर व्हिएतनामवरील बॉम्बफेक थांबल्याची बातमी आली, तेव्हा जगाने सुटकेचा श्वास घेतला. पण ती मोकळी झालेली विमाने लाओसकडे वळली. त्याच महिन्यात शिएंग खुआंग प्रांतात थाम पिउ या गुहेत आसरा घेतलेले तीनशेहून अधिक लोक एका हल्ल्यात मारले गेले. त्याच प्रांतात शेकडो प्राचीन दगडी रांजण विखुरलेले एक पठार आहे. तेथील शेतकरी दिवसा बिळात राहून रात्री शेती करीत. अमेरिकी सिनेटच्या सायमिंग्टन उपसमितीने १९६९ मध्ये बंद दाराआड साक्षी घेतल्या आणि पुढच्या वर्षी त्यांतला बराच भाग गाळून उरलेला छापला. ज्यांच्या पैशावर बॉम्ब येत होते त्यांना तेव्हा कुठे थोडेफार कळले. रांजणांच्या पठारावर ते पाच वर्षांपूर्वीपासून ठाऊक होते.

माझे थोरले मामा, मूळचे अक्कलकोट तालुक्यातले, सैन्यात कारकून होते आणि १९६५ च्या सुमारास आयोगाच्या, लाओसची राजधानी व्हिएन्टिन येथील कार्यालयात होते. त्यांच्या लोखंडी ट्रंकेत आजीला लिहिलेली पत्रे निघाली. एकात लिहिले आहे, "इकडे लढाई वगैरे काही नाही, काळजी करू नकोस. भात चिकट असतो, पण सवय झाली. रात्रभर विमाने जातात, एवढेच." पत्रात काय लिहायचे नाही याच्या सूचना होत्या, हे त्यांनी उतारवयात सांगितले. त्याच १९६५ च्या १८ ऑक्टोबरला आयोगाचे विमान भारतीय, कॅनडियन आणि पोलिश माणसांना घेऊन व्हिएन्टिनहून हनोईकडे निघाले आणि वाटेत नाहीसे झाले. त्याचा सांगाडा सापडला नाही. त्यातल्या दोघांबरोबर मामा आदल्या रात्री जेवले होते. एवढे सांगून ते पुढे बोलत नसत, आणि मीही कधी फार विचारले नाही. इतिहास शिकवण्यात सारी नोकरी गेलेल्या माणसाने तरी ते विचारायला हवे होते.

आयोग दुबळा होता हे खरे आहे. पाथेट लाओ आपल्या भागात पथके येऊ देत नसे, आणि कॅनडा व पोलंड आपापल्या गोटाकडे झुकलेले असल्यामुळे एकमताचा अहवाल निघणे दुरापास्त होते. पण दुबळ्या साक्षीदाराकडेही साक्ष असतेच, आणि ती आपल्याकडे आहे.

१९७५ मध्ये पाथेट लाओची सत्ता आली आणि हमाँग लोक लाखोंनी परागंदा झाले. थायलंडच्या छावण्यांत त्यांच्या बायकांनी निळ्या कापडावर सुईदोऱ्याने घर, भाताची खाचरे, वरून येणारी विमाने आणि मेकाँग ओलांडणारी माणसे भरली. माझा जन्म मागावरच्या घरातला, त्यामुळे त्या कापडांची छायाचित्रे पाहताना मी आधी टाका पाहतो आणि मग चित्र. लाओसभर न फुटलेले सुमारे आठ कोटी छोटे बॉम्ब मागे राहिले. चेंडूएवढ्या या वस्तूला तेथे 'बॉम्बी' म्हणतात. युद्धानंतर त्यांनी २०,००० हून अधिक लोकांना मारले किंवा जायबंदी केले आणि त्यांत मुले फार आहेत. भाचीने सहलीहून आणलेला एक चमचा हे लिहिताना माझ्यासमोर आहे. विमानांच्या व बॉम्बच्या भंगारातले अॅल्युमिनियम वितळवून बान नापिया गावातले लोक असे चमचे ओततात. हातात घेतला तर वजन जाणवत नाही, आणि दांड्याच्या कडेला साच्याची रेघ तशीच राहिलेली आहे.

१९३८ मध्ये चीनला गेलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक सोलापूरने जपले आहे. लाओसला गेलेल्या जवानांची, कारकुनांची आणि बिनतारी संदेशवाल्यांची अशी आठवण माझ्या पाहण्यात कोठेही नाही. त्यांतले जे हयात आहेत ते आता उतारवयात आहेत. जिल्ह्यातील कोणाच्या घरी आयोगाच्या काळातली पत्रे, ओळखपत्रे किंवा छायाचित्रे असतील, तर ती कळवावीत असे आवाहन आपण या स्तंभातून करावे, अशी विनंती आहे. मामांची अकरा पत्रे आणि तीन छायाचित्रे मी आपल्या कार्यालयात आणून देईन. मूळ प्रती परत मिळाव्यात, कारण त्यांवर आजीच्या बोटांचे हळदीचे डाग आहेत.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, सोलापूर