जांभळ्या दगडांबद्दल बाईंना जाहीर आभार

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही ‘बरं, चहा टाकते’ म्हणून स्वयंपाकघरात निघून जाता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर. शिवाय आमच्याकडे येणारा जो तो हल्ली विचारतो, समुद्री टाकीतल्या दगडांना हा जांभळा रंग कुठून आणला, कुठली बाटली ओतली? ‘बाईंनी दिला’ एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, प्रत्येकाला कृती हवी असते. तेव्हा कृती आणि आभार एकदमच लिहून टाकते.

न्यू जर्सीतल्या आमच्या घरात रीफ टँक, म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, लावला तेव्हा आम्ही कोरडे, पांढरेफटक खडक घेतले होते. फ्लोरिडाच्या समुद्रातले नैसर्गिक लाइव्ह रॉक (जीव वसलेले खडक) उपसायला केव्हाच बंदी आली. आता तिथले व्यावसायिक भाडेपट्ट्याने घेतलेल्या समुद्रतळावर चुनखडीचे दगड टाकतात, त्यांच्यावर जीव बसू देतात आणि मग ते विकतात. असा खडक महाग पडतो आणि त्याच्या आडून नको ते पाहुणेही घरात शिरतात. कोरड्या खडकात ती भीती नाही, पण कोरलाइनचं, म्हणजे जांभळा रंग देणाऱ्या शैवालाचं, बीजही नाही. त्यामुळे आधी तपकिरी डायटम (सूक्ष्म शैवाल), मग हिरवं केसाळ शेवाळ, मग लालसर चिकट साय, अशी वरात सुरू झाली. नव्या टाकीत हे व्हायचंच, असं सगळे सांगत होते. घरातल्यांनी मात्र टाकीचं नाव ‘गटार’ ठेवलं होतं.

तुम्ही आलात, चष्मा पुसलात आणि टाकीकडे न बघता आधी वही मागितलीत. कॅल्शियम 420 पीपीएम, मॅग्नेशियम 1300, अल्कलिनिटी (आम्ल मुरवण्याची पाण्याची ताकद) साडेआठ डीकेएच (हे तिचं माप), खारटपणा 35. म्हणालात, “आकडे छान आहेत. आता त्यांना हात लावू नकोस. पण बी कुठाय?” एवढे दिवस मी खत-पाण्याचा विचार करत होते, पेरणीचा विषय कुणीच काढला नव्हता.

मग तुम्ही स्वतःच्या टाकीतला एक मुठीएवढा जांभळा दगड काढून ठेवलात. लगेच दिला नाहीत, हे मला विशेष वाटतं. बादलीत छोटा पंप आणि हीटर लावून, मंद दिव्याखाली तो काही आठवडे वेगळा ठेवलात. एप्टेशिया हे उपद्रवी समुद्रफूल उगवतंय का, व्हर्मेटिड गोगलगायीच्या नळ्या दिसताहेत का, हे रोज टॉर्च घेऊन बघितलंत. दुसऱ्याच्या टाकीसाठी इतकं कोण करतं? वर एका पिशवीत तुमच्या मागच्या काचेवरून खरवडलेला जांभळा भुगा दिलात आणि पॉवरहेडच्या (टाकीत पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) झोतासमोर सोडायला सांगितलंत. त्या दिवशी फिल्टरचा मोजा काढून ठेवायचा, नाहीतर सगळं त्यातच अडकणार. दुधाला विरजण लावून झालं, आता भांडं हलवू नकोस, हे तुमचं वाक्य आमच्या घरात अजून चालतं.

या शैवालाची गोष्ट तुम्ही सांगता तशी मला सांगता येणार नाही, पण वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. कोरलाइन हे लाल शैवालांपैकी. ते आपल्या पेशींच्या भिंतींत चुना भरतं, म्हणून हाताला दगड लागतो. लिनिअसने या मंडळींना प्राण्यांच्या रांगेत बसवलं होतं. 1837 साली फिलिपी नावाच्या जर्मन अभ्यासकाने या वनस्पतीच आहेत हे दाखवून दिलं. तुम्हाला ही हकिकत सांगताना इतका आनंद होतो, जणू शोध तुमच्याच वर्गातल्या एखाद्या मुलाने लावलाय.

आता तुमच्या शिकवणीतला सगळ्यात मोलाचा भाग. मी दर आठवड्याला कॅल्शियम मोजून खूश होत होते, कारण ते जागचं हलत नव्हतं. तुम्ही फळा नसल्यामुळे फ्रिजच्या दारावर गणित मांडलंत. शैवाल किंवा प्रवाळ चुना बनवतं तेव्हा अल्कलिनिटी एक डीकेएचने उतरली, तर कॅल्शियम जेमतेम सात पीपीएमने उतरतं. चारशे वीसमधून सात गेले तर घरगुती टेस्ट किटला ते कळतही नाही. साडेआठातला एक गेला तर लगेच दिसतो. म्हणजे टाकीची भूक ओळखायची ती अल्कलिनिटीवरून. तेव्हापासून मी तीच मोजते, ठरलेल्या वेळेला. कोरलाइनच्या चुन्यात मॅग्नेशियमही बरंच असतं, म्हणून त्याची चौकशी महिन्यातून एकदा. फॉस्फेट फार वाढलं तर चुन्याचे स्फटिक नीट बांधले जात नाहीत. ते अगदी शून्यावर नेलं तर दुसरीच कटकट सुरू होते. ‘0.03 ते 0.1च्या मधे राहू दे आणि झोप’, हा तुमचा निरोप अजून फोनमध्ये आहे.

आणि खर्च झालेलं कॅल्शियम नि अल्कलिनिटी भरून काढणारी चुन्याची निवळी! दुकानात हेच जर्मन नावाने डब्यात मिळतं. तुम्ही लोणच्यासाठी विकतात तो साधा शुद्ध चुना आणलात आणि आरओडीआयच्या (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यात कालवलात. लिटरभर पाण्यात दीड-पावणेदोन ग्रॅमच विरघळतो, उरलेला तळाशी बसतो. वरचं नितळ पाणीच घ्यायचं, गाळ टाकीत जाऊ द्यायचा नाही. रात्री थेंबथेंब, दिवसभरात जेवढं पाणी उडून गेलं तेवढंच. हातमोजे घालायचे, कारण या पाण्याचा पीएच बारापेक्षा जास्त असतो. डोळ्यांत उडालं तर थट्टा नाही. मुलाला तुम्ही नळीने त्यात फुंकायला लावलंत आणि पाणी दुधाळ झालं तेव्हा त्याच्या तोंडाचा जो आ झाला, त्यासाठी वेगळे आभार. (फुंकायला सांगताना ओढायचं नाही, हे तुम्ही त्याला तीनदा बजावलंत, हेही लिहून ठेवते.)

दिवाळीच्या फराळाला घर माणसांनी भरलं होतं, खिडक्या थंडीमुळे बंद. रात्री पीएच 8.2 वरून 7.9 वर आलेला बघून माझा धीर सुटला. मी काही बफर (पीएच वाढवणारं रसायन) ओतणार, एवढ्यात तुमचा फोन आला. “पाण्याला काही झालेलं नाही, हवेला झालंय. खिडकी उघड.” माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो, एवढं साधं होतं. निवळी त्यातला काही भाग खाऊन टाकते, म्हणून ती हिवाळ्यात दुहेरी कामाची. हीटिंग चालू असतं, हवा कोरडी, पाणी भराभर उडतं आणि तेवढी निवळी जास्त देता येते. कोरलाइनचा मॅग्नेशियमयुक्त चुना आम्लतेला सगळ्यात आधी विरघळणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे महासागरांचा पीएच उतरतोय म्हटल्यावर शास्त्रज्ञ आधी कोरलाइनचीच काळजी का करतात, हेही त्या फोनवर कळलं.

पहिले ठिपके खडकावर आलेच नाहीत. पॉवरहेडच्या प्लॅस्टिकवर आले, मागच्या काचेवर आले, टाचणीच्या डोक्याएवढे. नवरा म्हणाला, रंग उडालाय. मी तुम्हाला फोटो पाठवला, उत्तरात नुसतं ‘वा!’ खडकाची वरची बाजू मात्र पांढरीच राहिली, तेव्हा दिवे वाढवायचे माझ्या मनात होतं. तुम्ही उलट कमी करायला सांगितलेत. 1984 मध्ये बहामाजच्या सॅन साल्वाडोर बेटाजवळ 268 मीटर खोलीवर कोरलाइन शैवाल जिवंत सापडलं होतं, जिथे आपल्याला काळोखच दिसेल. ज्याला एवढ्याशा उजेडात भागवता येतं त्याला भर झगमगाट देऊन कशाला भाजायचं? निळा प्रकाश मंद ठेवला आणि खडकांच्या सावलीतल्या कडांवरून कोरलाइन वर चढू लागलं.

ट्रोकस गोगलगायी तुम्ही भेट दिल्यात, त्यांच्या शंखांवर आधीच जांभळे चट्टे होते. त्या हिरवं शेवाळ चरतात, जागा मोकळी होते आणि पाठीवरचं बीज फिरत राहतं. मोठा काळा, काटेरी सी अर्चिनही मी मागितला होता, तो तुम्ही दिला नाहीत. तो कोरलाइनही खरवडून खातो, नव्या टाकीत परवडत नाही. बाटलीतल्या बीजाणूंवर तुमचा मुळीच विश्वास नाही. माझं त्यावर काही मत नाही, मला गरजच पडली नाही.

एक गोष्ट महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी, कारण ती तुम्ही दर वेळी आवर्जून सांगता. मालवणला पोहताना खडकावर कोरलाइनचं गुलाबी कवच दिसलं तर बघावं, उचलू नये. तिथलं सागरी अभयारण्य 1987 पासूनचं आहे. शिवाय सगळे दगडी प्रवाळ 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे प्रवाळाचा तुकडा ‘मेलेला होता’ म्हणून खिशात घालता येत नाही. कित्येक प्रवाळांच्या अळ्या तरंगत तरंगत येतात आणि बसायला नेमकं हेच गुलाबी कवच शोधतात. तुमच्या भाषेत, आपण घराचा पायाच उचलून नेतो.

आता हिशेब. मंडळातल्या एका जोडप्याने नवी टाकी लावली आहे, तेच पांढरे खडक, तीच तपकिरी साय. माझ्या मागच्या काचेवरचं खरवडून त्यांना दिलं. दगडाचा तुकडाही बादलीत वेगळा ठेवला आहे आणि रोज टॉर्च मारते आहे. तुमची बादली त्यामुळे इतक्यात परत मिळणार नाही. एक शंका मात्र आहे. पंपावरचे सगळे चट्टे जांभळे असताना एकच विटकरी आहे आणि त्याची कडही पातळ, किंचित उचललेली दिसते. दुसरी जात असावी का? रविवारी येताना भिंग घेऊन या.

तुमची कृतज्ञ,
‘गटारा’ची मालकीण