फोर्ट कोचीच्या आमच्या गाइड चेचीला (चेची म्हणजे मल्याळममध्ये ताई), मनापासून थँक्यू

चेची, नमस्कार!

खरं तर व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी टाकून आटपणार होते, पण मग म्हटलं सगळ्यांना दिसेल असंच लिहू, म्हणजे कोचीला जाणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल की चांगला गाइड असला की काय फरक पडतो. तुम्हाला देवनागरी येतेच. कुठे अडलं तर आईला फोन करा, ती तशीही तुमच्या फोनची वाटच बघत असते.

आधी आईच्या गुडघ्यांबद्दल थँक्यू. बुकिंग करताना मी फक्त एवढंच लिहिलेलं की आईला फार चालवत नाही. याला उत्तर म्हणून सगळीकडून "नो प्रॉब्लेम मॅडम" येतं आणि मग तिथे गेल्यावर समोर पन्नास पायऱ्या. तुम्ही उलट फोन करून विचारलंत की जिना चढता येतो का, चप्पल काढून फरशीवर चालवेल का, मध्ये मध्ये बसायला लागतं का, आणि त्यावरून सगळा क्रम लावलात. सकाळी ऊन चढायच्या आत समुद्राकडची बाजू, मग रिक्षाने मट्टनचेरी, दुपारी जेवून आराम. मट्टनचेरीचा पॅलेस शुक्रवारी बंद आणि सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शनिवारी बंद, म्हणून आमचं फिरणं तुम्हीच अलीकडे ओढलंत, नाहीतर आम्ही दोन्हीकडे कुलूप बघून परत आलो असतो. एर्नाकुलमहून वॉटर मेट्रोने या हेही तुमचंच. एसी बोट, धक्का नाही, चढउतार सोपी. आई तर त्या बोटीवरच खूश होती, पुढचं काही नसतं दाखवलंत तरी चाललं असतं तिला.

मासेमारीच्या चिनी जाळ्यांपाशी तुम्ही आम्हाला गर्दीच्या बाजूला नेलंच नाहीत. तिथे दोर हातात देतात, फोटो काढतात आणि मग पैसे मागतात, ते टाळून तुम्ही जरा लांब बसवलंत आणि म्हणालात आता फक्त दगड बघा. दोराला बांधलेले ते मोठमोठे दगड, एकेक करून खाली येतात आणि तिकडे जाळं वर उठतं, चार-पाच माणसांचं काम, पण सगळा भार दगडांवर. मी इतके फोटो बघितले होते या जाळ्यांचे पण ती चालतात कशी हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आणि ती आणली कोणी हे विचारल्यावर तुम्ही जे सांगितलंत ते मला फार आवडलं. चिनी व्यापाऱ्यांनी आणली ही गोष्ट सगळे सांगतात, पण पोर्तुगिजांनी मकाऊहून आणली असंही म्हणणारे आहेत, आणि मग सरळ म्हणालात, "यातलं खरं कुठलं ते मी छातीठोक सांगणार नाही." गाइडच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं!! बहुतेकांना राजा, राणी आणि भुयार यापैकी काहीतरी एक लागतंच.

तसंच बंदराचं. 1341 साली पेरियारला मोठा पूर आला, त्यात मुझिरिसचं जुनं बंदर गाळाने भरलं आणि इकडे कोचीचं तोंड उघडलं असं मानतात, हे तुम्ही पाण्याकडे बघत सांगितलंत तेव्हा मला पुढचं सगळं आपोआप लागत गेलं. बंदर झालं म्हणून मिरी इथे आली, मिरी आली म्हणून पोर्तुगीज आले, त्यांच्याकडून 1663 मध्ये डचांनी घेतलं, डचांकडून 1795 मध्ये इंग्रजांनी. शाळेत हे पाठ केलेलं, पण एकापाठोपाठ एक का आले ते कोणी सांगितलं नव्हतं.

सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये सगळा ग्रुप वास्को द गामाच्या दगडापाशी. तो 1524 मध्ये कोचीतच वारला, इथे पुरला, पण अस्थी नंतर पोर्तुगालला नेल्या. तुम्ही म्हणालात रिकाम्या कबरीचा फोटो नंतर काढा, आधी वर बघा. वर ते लांबलचक कापडी पंखे! त्यांचे दोर भिंतीतून बाहेर जातात आणि बाहेर उन्हात बसून माणसं ते ओढायची, आत साहेब लोक प्रार्थना करायचे. आईने लगेच विचारलं, त्यांना वारा कोण घालायचं. तुम्ही हसलात आणि काहीच बोलला नाहीत. मग एका भिंतीला पोर्तुगिजांचे कबरीचे दगड, समोरच्या भिंतीला डचांचे. एकच चर्च आधी कॅथलिक, मग डच प्रोटेस्टंट, मग अँग्लिकन, आता चर्च ऑफ साउथ इंडियाचं. हे तुम्ही दोन वाक्यांत सांगून आम्हाला बाकावर बसू दिलंत, आणि बाहेर जाऊन उभ्या राहिलात. ही गोष्ट छोटी वाटेल पण बोलायचं कधी थांबवावं हे फार कमी गाइडना कळतं.

पॅलेसमधल्या रामायणाच्या भिंतींबद्दल मी इथे लिहीत नाही, जाऊन बघा. धोबीखाना मात्र आमच्या लिस्टमध्ये नव्हता आणि तुम्ही नेलंत. पीळ घातलेल्या दोराच्या पेडात कपड्याचं टोक अडकवायचं, चिमटा नाही काही नाही. आईने घरी आल्यावर करून बघितलं, आमच्या नायलॉनच्या दोरीवर ते होत नाही हे कळवते.

ज्यू टाउनसाठी वेगळं थँक्यू. तिथे रिक्षावाले शोरूमला नेतात कारण गिऱ्हाईक आणलं की त्यांना कमिशन मिळतं, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलेलं, त्यामुळे मी पर्स घट्ट धरून होते. सिनेगॉग 1568 चं, खाली चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या, हाताने रंगवलेल्या, आई त्यावरून इतकी जपून चालत होती की मागचे लोक खोळंबले. पण मला लक्षात राहिलंय ते वेगळंच. आमच्याबरोबर आत असलेला एक माणूस सारखा विचारत होता की आता किती ज्यू उरलेत, कुठल्या घरात राहतात, भेटता येईल का. तुम्ही शांतपणे सांगितलंत की 1948 नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले, आणि कोणाच्या घरात डोकावायला मी कोणाला नेत नाही. बस. विषय संपला. पटलं मला.

आणि चेरलाई! मट्टनचेरीत कोकणी बोलणारी एवढी माणसं आहेत हे मला खरंच माहीत नव्हतं. गोव्यातून पोर्तुगिजांच्या जाचामुळे निघून इथे आलेले, तिरुमला देवस्वमचं देऊळ, आणि तुमचं स्वतःचं घरही त्यातलंच. तुम्ही आईशी कोकणीत बोलायला लागलात, आई मालवणीत उत्तर द्यायला लागली आणि मी मध्ये बसून अर्धं समजून घेत होते. मग तुम्ही फोनवर ते पान दाखवलंत. डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीडने मलबारच्या झाडांवर 12 खंडांचा ग्रंथ करवून घेतला, 1678 ते 1693 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापला, त्यात इट्टी अच्युतन या वैद्याचा मोठा हात, आणि सोबत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य, ज्यांची 1675 ची साक्ष त्यात चक्क नागरी अक्षरांत छापलीय. आई चष्मा वर-खाली करत एकेक अक्षर लावून वाचत होती आणि तुम्ही तिला अजिबात मदत केली नाहीत, घाईही केली नाहीत, जेवायला उशीर होत होता तरी. त्या पंधरा-वीस मिनिटांसाठी मी तुमची कायम ऋणी आहे, मग भले पुढचं मिरी बाजाराचं राहून गेलं.

एक तक्रार आहे, तुम्ही पाणी खूप कमी पिता, दिवसभर आम्हाला आठवण करत होतात आणि तुमची बाटली तशीच भरलेली.

माझी मावसबहीण बिएनालेच्या (कोचीतल्या मोठ्या कला प्रदर्शनाच्या) वेळी येतेय, तुमचा नंबर तिला दिलाय. ती सकाळी साडेनऊशिवाय उठत नाही आणि दर दहा मिनिटांनी कॉफी मागते. तिला अजिबात ऐकून घेऊ नका, जाळ्यांपाशी सहा वाजता उभी करा.

तुमची,
गुडघेवाल्या आईची मुलगी